स्विचवर कोण हाय?

एके दिवशी सकाळी उठून बघते तर माझ्या गुलाबाच्या झाडाला लाल पाटी लटकलेली. तेलाच्या डब्याचं झाकण कापून केलेली, वर पांढऱ्या रंगानं लिहिलेलं, "काम चालू आहे. लाइन बंद ठेवा." झाड माझं, कुंडी माझी, अंगण माझं, आणि पाटी कुणाची? तोंडात ब्रश तसाच ठेवून मी इकडंतिकडं बघायला लागले, तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या माणिकअप्पांचं डोकं वर आलं.

"हात लावू नको बाई. माणूस खांबावर हाय."

"कुठला माणूस? कुठला खांब?"

"तिसरी फांदी. पानाच्या पाठीमागं बघ."

पान उलटं केलं. हिरवा मावा चिकटून बसलेला, आणि त्यात एक काळी, नारिंगी ठिपक्यांची, बारक्या मगरीसारखी दिसणारी अळी. मावा एकेक उचलून खात होती.

ती अळी मी ओळखली. ओळखणारच! आदल्या आठवड्यात तिच्या सगळ्या खानदानाला मीच जुन्या ब्रशनं घासून काढून चपलेखाली चिरडलं होतं, आणि वर अप्पांना हाक मारून दाखवलंही होतं, "बघा अप्पा, कशी साफ केली कीड!" अप्पा तेव्हा पायरीवर बसले, चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणले, "खांबावर चढलेली माणसं पाडलीस की गं. कामून पाडलीस?"

तिथून आमची खरी ओळख सुरू झाली. त्याआधी आठ वर्षं आम्ही नुसते शेजारी होतो.

माणिकअप्पा म्हणजे वीजखात्यातले रिटायर लाइनमन. हळ्ळीखेडपासून मन्नाएखेळ्ळीपर्यंत हा माणूस कुठल्या खांबावर कितीदा चढला, ते त्याला आजही पाठ. बायको वारून बरीच वर्षं झाली, पोरगा पुण्याला. इथं आमच्या नौबादात दोन खोल्या बांधल्या आणि खोल्यांच्या दुप्पट जागा झाडांना सोडली. मी बाजूला ब्लाउज शिवते. अर्ध्या नौबादच्या बायकांची मापं मला तोंडपाठ आहेत. स्वभाव माझा सरळ. लोक फटकळ म्हणतात, म्हणू देत.

तर अप्पांची एलसी. लाइनमन खांबावर चढायच्या आधी स्टेशनला कळवून लाइन बंद करून घेतो, त्याला हे लोक एलसी म्हणतात. लाइन बंद झाली की खाली एक जण स्विचजवळ उभा राहतो, कुणी शहाणा येऊन चालू करू नये म्हणून. काम झालं, माणूस खाली उतरला, की ज्यानं एलसी घेतली त्यानंच ती परत द्यायची. दुसऱ्या कुणी नाही, साक्षात मोठे साहेब आले तरी नाही. हा कायदा अप्पांनी रिटायर झाल्यावर ऑफिसात ठेवून यायचा, तर तो घरी आणला आणि झाडांना लावला.

त्यांची शंभर पानी वही होती. रकाने आखलेले. जागा, काम, खांबावर कोण, स्विचवर कोण, एलसी परत. मी स्वतः वाचलेलं सांगते: "जागा: सुमनचा गुलाब. काम: मावा काढणे. खांबावर: अळ्या, नग सात. स्विचवर: माणिकअप्पा." म्हणजे त्या सात अळ्या मावा खाऊन, कोष करून, लाल पाठीचे ठिपकेवाले भुंगेरे होऊन उडून जाईपर्यंत अख्ख्या गल्लीत कुणी पंप उचलायचा नाही, औषध मारायचं नाही, साबणाचं पाणीसुद्धा अप्पांना विचारून. भुंगेऱ्याला ते 'लाइनमन' म्हणायचे आणि अळीला 'हेल्पर'.

"काम जास्त कोण करतंय अप्पा?"

"हेल्परच की. सगळ्या खात्यात तेच हाय."

ही स्विचची गोष्ट त्यांना कुठून लागली, तेही सांगते. त्यांचा जोडीदार होता नबीसाब. अख्खी नोकरी दोघांनी जोडीनं केली. हे वर, ते खाली. एकदा मन्नाएखेळ्ळीत नबीसाबच्या बहिणीचं लग्न आणि त्याच दिवशी लाइन तुटली. अप्पा खांबावर, नबीसाब नव्या कपड्यात स्विचपाशी. घरून निरोपावर निरोप. शेवटी कुणीतरी बिर्याणीचं ताट तिथंच आणून दिलं. नबीसाबनी ते शेजारच्या दगडावर ठेवायला सांगितलं आणि हात स्विचवरून काढला नाही. अप्पा दुपारनंतर उतरले तेव्हा बिर्याणी गार दगड झाली होती.

"मी म्हणलं, अरे खाऊन घ्यायचंस की," अप्पा सांगायचे. "तर म्हणतो कसा, 'तुम उपर हैं ना अप्पा. निवाला कैसा उतरता?'" हे सांगून झालं की अप्पा दरवेळी हसायचे आणि दरवेळी चष्मा पुसायचे. नबीसाब चार वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्यानं गेले.

आता तुम्ही म्हणाल, बाई, दोन अळ्या पाळल्या तर एवढं काय कौतुक? थांबा की जरा.

सगळी दुनिया मावा मारते. हा माणूस मावा पाळायचा. परड्याच्या कडेला चवळीची एक ओळ, ती फक्त माव्यासाठी. चवळीच्या शेंगा वरून काळ्याकुट्ट माव्यानं भरलेल्या आणि अप्पा खुशीत. "कॅन्टीन हाय ते. कॅन्टीन बंद झाली तर माणसं ड्युटीवर येतील का?" कोथिंबीर आणि शेपू लावायचे, पण एक काडी तोडू द्यायचे नाहीत, फुलं येऊ द्यायची, कारण मोठे किडे त्या फुलांवर चहापाण्याला यायचे. मी एकदा गुपचूप मूठभर कोथिंबीर खुडली तर चार दिवस माझ्याशी अबोला. मुंग्यांवर त्यांचा भारी राग. मुंग्या माव्याचा गोड चिकटा चाटतात आणि त्या बदल्यात माव्याची राखण करतात, भुंगेऱ्यांना हाकलतात. "एजंट हायत सगळे," म्हणायचे, आणि झाडाच्या बुडख्याला ग्रीस लावलेली चिंधी बांधायचे. त्या चिंध्या माझ्या दुकानातल्या. जरीकाठाच्या कापडाला ग्रीस लावलेलं बघितलं की माझा जीव तुटायचा.

एकदा मला घाईघाईनं बोलावलं. लिंबाच्या पानावर केसाएवढ्या बारीक दांड्या उभ्या आणि प्रत्येक दांडीच्या टोकाला एकेक पांढरं अंडं. जाळीच्या पंखांच्या हिरव्या किड्याची ती अंडी.

"खांब रोवलेत बघ! वर बल्ब! कुणी शिकवलं असंल हिला?" अप्पांचा आवाज असा झाला होता की मी थट्टा करायला उघडलेलं तोंड मिटलं. खरंच सुंदर होतं ते.

आणि ती हळ्ळीखेडची बस! थंडीत करडईवर मावा पडतो, त्यामागं भुंगेरे येतात. अप्पा दरवर्षी ओळखीच्या शेतात जाऊन डब्यात भुंगेरे भरून आणायचे. एका वर्षी बस खड्ड्यात आदळली, डबा उघडला आणि सगळे लाइनमन बसभर पसरले. अप्पांनी उभं राहून आरोळी ठोकली, "कुणी हलू नका! माणूस खांबावर हाय!" लोक घाबरून खिडकीतून वर खांबाकडं बघायला लागले. पुढच्या सीटवर एका बाईच्या वेणीवर भुंगेरा बसलेला. अप्पा मऊ ब्रश घेऊन तिच्या मानेपाशी वाकले आणि तिचा नवरा बाह्या सारून उठला. कंडक्टर मध्ये पडला म्हणून अप्पा वाचले. पण एकोणीस भुंगेरे त्यांनी परत मिळवले आणि उरलेल्यांबद्दल संध्याकाळी मला म्हणले, "ते हुमनाबाद डिव्हिजनला ट्रान्सफर झाले म्हणायचं."

हसा, मीही हसले. पण आमच्या गल्लीत तीन वर्षांत औषधाची बाटली आली नाही, आणि माझ्या गुलाबाला अशी फुलं येतात की माप द्यायला आलेल्या बायका आधी झाडापाशी थांबतात आणि मग दुकानात येतात.

मग मागच्या पावसाळ्यात एक गोष्ट घडली. अप्पांनी माझ्या जास्वंदीला पाटी लावली. "नवीन हेल्पर हाय. लई शांत हाय. हलत न्हाई, खात न्हाई. बिमार असंल." दोन दिवस खुर्ची टाकून त्याच्यापाशी बसले. ऊन लागू नये म्हणून वर वर्तमानपत्र धरलं. तिसऱ्या दिवशी मी जवळ जाऊन बघितलं आणि मला हसू फुटलं.

"अप्पा, हा माझा दोरा हाय. काळा. काल-परवा झटकला असंल मी."

ते हसले नाहीत. बोटानं दोरा उचलला, डोळ्यांपाशी नेला, लांब नेला, परत जवळ आणला. माझं हसू तिथंच विरलं. अप्पांना दिसतच नव्हतं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा तर पार पिकलेला. डॉक्टर म्हणाले, आता टाळाल तर डोळा हातचा जाईल. बरं, डोळ्यांच्या शिबिराची गाडी आठवड्यानं कलबुर्गीला जाणारच होती. ऑपरेशन करून दोन दिवसांनी आणून सोडणार. पण त्यानंतर पंधरा दिवस वाकायचं नाही आणि मातीत हात घालायचा नाही. अप्पा म्हणले, न्हाई.

"कामून न्हाई?"

"चवळीवर हेल्पर हायत. लिंबावर खांब रोवलेत. अर्ध्या लायनीवर काम चालू हाय. मी गेल्यावर स्विचवर कोण हाय?"

"आणि डोळा गेला म्हणजे?"

"एक हाय की दुसरा."

"तो पण पिकायलाय!" मी ओरडले. मला त्यांचा असा राग आला म्हणून सांगू! ज्या डोळ्यांनी अंडी बघायची तेच डोळे हा माणूस अंड्यांपायी घालवायला निघाला होता. "मी थांबते स्विचवर. द्या तुमची एलसी माझ्याकडं."

अप्पांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. जेवढं दिसत होतं तेवढं. ब्रशनं अळ्या चिरडणारी बाई ती मीच होते ना! मग माझी परीक्षा झाली, चेष्टा नाही. एक पान समोर धरलं. त्यावर फुगलेले, तपकिरी पडलेले माव्याचे दाणे.

"हे काय?"

"मेलेला मावा. पान तोडून टाकायचं."

"नापास. आत बारकी माशी हाय. मावा आतून खाऊन, गोल दार कापून भाईर येती. पान तोडलीस तर किती माणसं गेली?"

रात्रीचा स्वयंपाक करताना मी अळी, कोष, दांडी, दार घोकत होते. आमच्या घरातल्यांनी, म्हणजे नवऱ्यानं, भाजीत मीठ नाही म्हणून सांगितलं तर त्यांनाच विचारलं, "सांगा, मुंगी आपली का परकी?" दुसऱ्या दिवशी पास झाले. अप्पांनी वहीत माझ्या नावावर एलसी लिहिली, माझी सही घेतली, पाटी माझ्या हातात दिली.

"संगं कोण येणार तुमच्या?"

"पोरगा येतोय की पुण्याहून. तिकडंच येतो म्हणलाय कलबुर्गीला."

पिशवी खांद्याला लावून ते शिबिराच्या गाडीत बसले. खिडकीतून सांगत होते, "शेपू तोडू नको."

आणि नेमक्या दुसऱ्याच दिवशी धूरवाले आले. डेंगूचे दिवस, डासांसाठी गल्लोगल्ली धूर मारायचं काम. खांद्यावर मशीन घेतलेला माणूस वळणावरून येताना दिसला. आधीच्या दोन वेळी अप्पांनी त्यांना गल्लीच्या तोंडाशीच गाठून काय समजावलं होतं कोण जाणे. मी शिलाई मशीनवरचा पाय काढला आणि पाटी घेऊन रस्त्यात.

"अण्णा, निल्री, निल्री! थांबा! लाइन बंद! माणूस खांबावर हाय!"

त्यानं घाबरून मशीन बंद केलं आणि वर बघितलं. "कौन है खंबे पो?"

मी भिंतीकडं बोट दाखवलं. "चवळीवर हायत. अकरा."

हा माणूस हसणार, असं वाटलं होतं. तो हसलाच. पण मग सरळ म्हणला, "बाई, डासांचं काम हाय. लेकरं बिमार पडायलीत. धूर सोडून कसं जाऊ?"

त्याचंही खरंच होतं. मी त्याला आमची नि अप्पांची सगळी भांडी, कुंड्या, टाकी दाखवली, कुठं पाणी साचलेलं नव्हतं. म्हणले, मोरीत मार, रस्त्यावर मार, माझ्या अंगणात मार, एवढं परडं सोड. आणि मला दहा मिनिटं दे. त्या दहा मिनिटांत मी दुकानातून हाताला लागलं ते उचललं आणि झाडं झाकली. लिंबावर चादर, जास्वंदीवर पडदा, आणि चवळीवर फॉल लावायला आलेली इरकल. धूर निवळला तेव्हा इरकलवाली गेटात उभी होती. ती काय बोलली ते लिहिण्यासारखं नाही. मी एवढंच म्हणले, "बाई, खाली अकरा जण हायत, आवाज कमी कर."

अकराच्या अकरा वाचले. मी दोनदा मोजले.

अप्पा आले ते हिरवी पट्टी आणि काळा चष्मा लावून. गाडीतून एकटेच उतरले. मी खुर्ची टाकली, सगळा अहवाल दिला, इरकलसकट. ते ऐकत होते आणि त्यांची मान हळूहळू हलत होती.

"नबीसाबच्या वरताण निघालीस की," म्हणले.

मला मेलीला एवढा आनंद झाला की काय करू कळेना. म्हणून वही उघडली, एलसी परत द्यायला. पान उलटताना मागचं पान निघालं. अप्पांनी जायच्या दिवशी सकाळी लिहिलेलं, तिरकं, एकमेकांवर चढलेलं अक्षर.

"जागा: कलबुर्गी, उजवा डोळा. काम: मोतीबिंदू. खांबावर: मी. स्विचवर:"

पुढं काही नव्हतं. पेन टेकवल्याचा एक ठिपका होता नुसता.

"अप्पा, पोरगा आला नव्हता?"

"कळवलंच न्हाई त्याला. ड्युटी असती त्याची. रजा काढून येणार, दोन दिवस थांबणार… लिहायला बसलो हुतो गं. इतक्या वर्षांची सवय. त्या रकान्यात नबीसाबच लिहीत हुतो मी. तो गेल्यावर काय लिहावं, कळंना."

मला रडू आलं. आणि मला रडू आलं की मी भांडते. "अळ्यांसाठी माझी परीक्षा घेतलीत! शेपूसाठी खिडकीतून ओरडलात! स्वतःसाठी तोंड शिवलं होतं का? भिंतीला भिंत लागून घर हाय माझं! मी काय मेले होते?"

"तू झाडांच्या स्विचवर हुतीस की," अप्पा हळूच म्हणले. "दोन ठिकाणी एक माणूस चालत न्हाई. नियम हाय."

डावा डोळा थंडीत ठरला. त्या वेळी मी आमच्या घरातल्यांना आठ दिवस आधीपासून पानं दाखवली, दोनदा नापास केलं, आणि झाडांची एलसी त्यांच्या नावावर लिहिली. पुढच्या पानावर अप्पांच्या आधीच पेन घेतलं आणि रकाना भरला. स्विचवर: सुमन. वही त्यांच्या हातात दिली. नवीन डोळ्यानं त्यांनी ते वाचलं. वाचायला एक शब्द, पण बराच वेळ लागला. मग चष्मा पुसायला काढला. त्या डोळ्याला आता चष्मा लागतच नव्हता.

कलबुर्गीच्या त्या दवाखान्यात मी ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर बसले, हातात एका ब्लाउजची हातशिलाई. अप्पांना हिरव्या कपड्यात आत नेत होते. दार लागायच्या आत स्ट्रेचरवरून मोठ्यानं आवाज आला, अख्ख्या वऱ्हांड्यानं मान वळवली एवढ्या मोठ्यानं.

"स्विचवर कोण हाय?"

नर्स हसली. मी उठून उभी राहिले.

"मी हाय अप्पा! हात स्विचवरच हाय!"

"मग चढतो," अप्पा म्हणले.

दार लागलं. शेजारच्या पेशंटच्या बाईनं चहा आणून हातात दिला. मी तो बाकावर ठेवला. दार उघडलं तेव्हा तो तसाच होता, गार झालेला, वर साय धरलेली.